बिल न येणारी वीज

गोष्ट जून २०२४ मधली. मुलांच्या शाळा संपल्या आणि नेहमीप्रमाणे आम्ही चौघे सुट्टीला गावी पोहोचलो. गाव म्हणजे सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातलं दहिवडी. अंगणात पाण्याने भरून ठेवलेली पिंपं, आभाळाकडे लागलेले डोळे आणि आईची "बादली अर्धीच घे रे" ही सूचना. सगळं कसं ओळखीचं!

संध्याकाळी कुवेतहून एका मित्राचा फोन आला. "अरे, इथे चक्क भारनियमन सुरू झालंय!" मला आधी चेष्टाच वाटली. कुवेत आणि भारनियमन? पण बातमी खरी होती. विजेची मागणी पुरवठ्याच्या आवाक्याबाहेर जायला लागल्यामुळे मंत्रालयाने काही भागांत एक-दोन तास वीज बंद ठेवण्याचं जाहीर केलं होतं. मित्राचं बाळ पाच महिन्यांचं. बाहेर पारा पन्नाशीच्या घरात. नवरा-बायको बाळाला घेऊन, वीज येईपर्यंत गाडीत एसी लावून बसले होते.

मी हळहळलो. फोन ठेवल्यावर बायकोला म्हणालो, "आपल्याकडे गेली नसेल तर बरं. एसी चालू ठेवून आलोय."

आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिने विचारलं, "तुमच्या घरी कोण आहे आत्ता?"

"कोणी नाही."

"मग एसी कुणासाठी लावलाय?"

मी समजावलं. घर सहा आठवडे बंद राहिलं तर आत भट्टी होते, लाकूड तडकतं, टीव्ही-कॉम्प्युटर खराब होतात, तिकडे सगळेच एसी चालू ठेवून येतात. आणि विजेचं बिल वेगळं येत नाही, ते भाड्यातच धरलेलं असतं. आई "बरं" म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडू लागली. तिला पटलं नव्हतं हे मला कळलं. पण खरी गंमत पुढेच आहे मंडळी. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की ते मलाही पटलं नव्हतं. एका बाळाला गारवा मिळत नव्हता, आणि त्याच शहरात माझा सोफा मात्र गार हवेत निवांत पहुडला होता!

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घर करून आहे. लहानपणी या दहिवडीच्या घरात मी खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायचोच, कारण नाही केला तर आईचा आवाज यायचा. पुढे मास्टर्ससाठी इंग्लंडला गेलो. आम्हा विद्यार्थ्यांच्या घरात आधी पैसे भरायचं मीटर होतं. पैसे संपले की हीटर बंद! त्या थंडीत आम्ही दोन-दोन स्वेटर घालून अभ्यास करायचो आणि स्वतःला फार काटकसरी समजायचो. मग कुवेतला आलो. इथे ना आईचा आवाज, ना मीटरचा धाक. आणि बघता बघता मी रिकाम्या घराला सहा आठवडे थंड ठेवणारा माणूस झालो. मग मी काटकसरी कधी होतो तरी का? की फक्त खिशात पैसे नव्हते?

कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ सालच्या आपल्या ग्रंथात एका दुकानदाराचं उदाहरण दिलं आहे. हा दुकानदार अडाणी गिऱ्हाइकालाही फसवत नाही, कारण फसवलं तर धंदा बसेल. वागणं प्रामाणिक खरंच, पण त्याला नैतिक म्हणायचं का? कांट म्हणतो, नाही. तो केवळ आपला फायदा बघतोय. कसोटी लागते ती फायदा संपतो तिथे. आपल्यासाठी कुवेत ही अशीच कसोटीची जागा आहे. वीज वाचवून इथे माझा एक फिल्सही वाचत नाही. तरी मी ती वाचवावी का? आणि का?

उत्तर शोधण्याआधी ही वीज नि पाणी येतं कुठून ते पाहू. कुवेतमध्ये नदी नाही. तेलाच्या आधीच्या काळात गोडं पाणी शत-अल-अरबमधून होड्यांत भरून आणत आणि ते विकत घ्यावं लागे. १९५३ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा पहिला मोठा प्रकल्प इथे सुरू झाला. आजही दोहा, शुऐबा, सबिया, अझ-झोर इथल्या केंद्रांत तेल आणि वायू जाळून वीज बनते आणि त्याच केंद्रांतली उष्णता वापरून समुद्राच्या पाण्याची वाफ करून गोडं पाणी काढलं जातं. उरलेलं खारट, कोमट पाणी परत समुद्रात. म्हणजे दात घासताना मी नळ उघडा ठेवतो तेव्हा नुसतं पाणी वाहत नाही, कुठेतरी तेल जळत असतं. दहिवडीत पाणी आभाळातून येतं, इथे ते धुराड्यातून येतं!

आणि किंमत? वर्षानुवर्षं विजेचा दर युनिटला २ फिल्स होता. २०१७ साली भाड्याच्या फ्लॅटसाठी तो ५ फिल्स झाला. बनवायला येणारा खर्च याच्या कितीतरी पट, तो फरक सरकार सोसतं. म्हणजे वीज फुकट नाहीच. बिल येतं, फक्त ते दुसऱ्याच्या पत्त्यावर जातं. काही सरकारकडे, काही समुद्राकडे, काही हवेकडे आणि बरंचसं आपल्या नातवंडांकडे. ज्या देशात २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबाहला ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, तिथे हवेकडे गेलेलं बिल परत यायला फार वेळ लागत नाही.

हे सगळं मी आमच्या मित्रमंडळींत बोललो तेव्हा तीन आक्षेप आले. तिन्ही आधी माझ्याच मनात येऊन गेलेले.

पहिला: "माझ्या एका एसीने काय होणार?" २०२४ मध्ये कुवेतची कमाल मागणी १७ हजार मेगावॅटच्या पुढे गेली, त्यात माझा एसी म्हणजे दर्यामे खसखस. खरं आहे. पण वीज पाण्यासारखी टाकीत भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी वापरायची, जवळपास त्याच क्षणी ती बनवावी लागते. त्यामुळे तूट पडते ती दुपारच्या त्या दोन-चार तासांतच, आणि ती पडते अशा खसखशीच्या दाण्यांनीच. उन्हाळ्यात किती फ्लॅट रिकामे असतात ते आपल्या इमारतीतल्या बंद दारांवरून मोजा.

दुसरा: "अरे, तुझा पगार तेलातून येतो. दरवर्षी चार तिकिटं काढून विमानाने गावी जातोस. तू पर्यावरणावर काय बोलणार?" हा आक्षेप बोचतो, कारण तो खरा आहे. त्यावर एवढंच म्हणेन की माझ्या डोक्यावर मोठं कर्ज आहे, म्हणून मी आणखी उधळपट्टी करावी असं थोडंच आहे? आधी आपण धुतल्या तांदळासारखे होऊ, मग दिवा बंद करू, असं म्हटलं तर दिवा कधीच बंद व्हायचा नाही.

तिसरा: "हे करणं सरकारचं काम. आपण इथे पाहुणे." सरकारचं काम मोठं आहेच. २०३० पर्यंत १५ टक्के वीज अक्षय स्रोतांतून मिळवण्याचं उद्दिष्ट कुवेतने २०१२ सालीच जाहीर केलं. पश्चिमेच्या वाळवंटात शगाया इथे सौर आणि पवनऊर्जेचा पहिला टप्पा उभा राहिला, पण तो ७० मेगावॅटचा. १७ हजारांपुढे ७० म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही! भारनियमन एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा करावं लागलं. सूर्याची वीज पुरेशी येईपर्यंत न वापरलेली वीज हीच सर्वांत स्वच्छ वीज. आणि पाहुण्यांबद्दल म्हणाल तर आपल्याकडे पाहुण्याने यजमानाच्या घरात कसं वागायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. यजमान उदार आहे म्हणून आपण त्याचं ताट भरून घेऊन उष्टं टाकत नाही.

हा विषय निघाला तेव्हा ऑफिसमधल्या एका कुवेती सहकाऱ्याने मला एक हदीस सांगितली. एक अनुयायी नमाजाआधी वुजू करताना जास्त पाणी वापरत होता. पैगंबरांनी त्याला टोकलं. त्याने विचारलं, पाण्याचीही उधळपट्टी असते का? उत्तर मिळालं, हो, वाहत्या नदीकाठी असलास तरी. मला आईची अर्धी बादली आठवली. कमी आहे म्हणून जपणं निराळं आणि भरपूर असताना जपणं निराळं. पहिल्यात शहाणपण आहे, दुसऱ्यात आदर आहे. मला वाटतं, माझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच कुठेतरी आहे.

सुट्टीवरून परत आल्यावर मी एक छोटा उद्योग केला. आयटीवाल्याला आकडे दिसल्याशिवाय चैन पडत नाही! हारिसला विचारून तळघरातलं आमच्या फ्लॅटचं मीटर शोधलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. ऑगस्टमधल्या एका दिवसाचा वापर निघाला ७१ युनिटं. पाच फिल्सच्या दराने ३५५ फिल्स, म्हणजे खुबूसची सात पाकिटं. मग आईला फोन करून तिचं बिल वाचायला सांगितलं. तिचा अख्ख्या महिन्याचा वापर ७८ युनिटं होता. तिचा महिना म्हणजे माझा दिवस! मुलीने ते दोन आकडे कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवले. कुणी भाषण केलं नाही. पण एसी २० वरून २४ वर गेला आणि कुणी नसलेल्या खोल्यांतले बंद व्हायला लागले.

हे आकडे समोर मांडणं मोठं काम करतं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली हेच केलं. पाऊस किती पडला, पाणी किती आहे, याचा ताळेबंद गावासमोर मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. तिथे पाण्याचं बिल वाचावं म्हणून कुणी पाणी जपलं नाही. विहीर माझी असली तरी खालचं पाणी सगळ्यांचं, हे गावाने मान्य केलं म्हणून ते जपलं गेलं.

आपलंही इथे एक छोटं गावच आहे. गणेशोत्सवाला हॉलमध्ये आपण शाली पांघरून बसतो, इतका एसी लावतो! तो चार अंशांनी वाढवला तर बाप्पा रागावणार नाही. थर्माकोलच्या ताटांऐवजी स्टीलची ताटं आणली तर धुवायला हात कमी पडणार नाहीत, माझे दोन मी आत्ताच देऊन ठेवतो. आणि सुट्टीला निघताना एसी २० वर सोडून न जाता एकच, तोही २८-३० वर ठेवला तर लाकूड तडकत नाही, हे मी मागच्या उन्हाळ्यात करून पाहिलं आहे.

यंदा सुट्टीला गेलो की आई पुन्हा विचारेलच, "एसी कुणासाठी लावलाय?" पूर्ण उत्तर अजून माझ्याकडे नाही. एक मात्र चालू असणारच. पण या वेळी तिला सांगताना नजर चुकवावी लागणार नाही, एवढी तयारी आत्तापासून करतो आहे.