कढईवरचा कायदा

अन्न विकणें हा व्यापार आहे, हें कोणी नाकारीत नाहीं. परंतु तो इतर व्यापारांसारखाच एक व्यापार आहे, असें म्हणणें जड जातें. कापड वाईट निघालें तर पैसा बुडतो. अन्न वाईट निघालें तर देहाला भोगावें लागतें. म्हणूनच अन्नविक्रीवर राजसत्तेनें नियंत्रण ठेवावें, कीं तें विक्रेत्याच्या धर्मबुद्धीवर सोपवावें, हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा नसून नीतीचाहि आहे.

उदाहरणासाठीं बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांवची कचोरी घ्या. फाळणीनंतर पंजाबांतून आलेल्या एका कुटुंबानें १९५० च्या सुमारास रेल्वे स्थानकावर तिची विक्री सुरू केली, आणि तळलेल्या हिरव्या मिरचीसह मिळणारी ही कचोरी पुढें त्या गांवची एक ओळखच होऊन बसली. आतां स्थानकावरील विक्रीचें स्वरूप पाहा. गाडी कांहीं क्षण थांबते, पैसे इकडे येतात, कचोरी तिकडे जाते, आणि गाडी सुटते. गांवांतला हलवाई खराब तेल वापरूं लागला तर चार दिवसांत त्याचा बभ्रा होतो. उतारूचें पोट बिघडेपर्यंत तो मात्र भुसावळ ओलांडून गेलेला असतो. जेथें ओळख संपते तेथें अब्रूचा धाकहि संपतो, आणि कायद्याचें काम तेथूनच सुरू होतें.

१९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची दृष्टि मुख्यतः भेसळीवर होती. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानें त्याची जागा घेतली. त्याचा अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाला, आणि कायद्याची नजर थेट कढईपर्यंत पोंचली. तळण्याच्या तेलांत ध्रुवीय संयुगांचें प्रमाण शेंकडा २५ हून अधिक झाल्यास तें तेल १ जुलै २०१८ पासून वर्ज्य ठरलें. त्याच वर्षाच्या वेष्टनविषयक नियमांनीं वर्तमानपत्राच्या कागदांत खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई केली.

यावर आक्षेप असा कीं, कारखानदाराजवळ रसायनज्ञ असतो, कारकून असतो. गाडीवाल्याजवळ दोन हातच. बैलाचें जूं वासराच्या मानेवर ठेवणें ही समता नव्हे. आक्षेप खरा आहे, आणि कायद्यानेंहि तो कांहीं अंशीं मान्य केला आहे. २०११ च्या नियमांत वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आंत असणाऱ्यास परवान्याऐवजी १०० रुपयांची साधी नोंदणी पुरेशी मानली होती. वापरलेल्या तेलाची नोंदवही ठेवण्याचा २०१९ चा आदेशहि रोज ५० लिटरांहून अधिक तेल लागणाऱ्यांपुरताच होता. दंड ठरवितांना विक्रेत्यानें किती लाभ मिळविला, चूक अजाणतां झाली कीं पुनःपुन्हां, हें पाहावें, असें ४९ वें कलम सांगतें.

तथापि या प्रश्नाची दुसरी बाजू सहसा कोणी पाहत नाहीं. नियम नसेल तर भार कोणावर पडतो? जो काळवंडलेलें तेल ओतून देतो, त्याची कचोरी महाग पडते. शेजारी तेंच तेल पुन्हां तापवितो आणि स्वस्त विकतो. म्हणजे सचोटीचा दंड सज्जनच भरीत असतो. नियम त्या सज्जनाला नवें कांहीं शिकवीत नाहीं. त्याच्या चांगुलपणामुळें त्याचें होणारें नुकसान मात्र थांबवितो. सक्ति ही येथें स्वातंत्र्याची वैरीण नसून सदाचरणाची राखणदार ठरते.

परंतु हें सारें तपासणाऱ्याच्या निःपक्षपातावर अवलंबून आहे. तो दुबळ्यालाच गांठील आणि बळवंताच्या दारावरून पुढें जाईल, तर प्रामाणिक माणूस दोनदां भरडला जाईल: एकदां ताज्या तेलाच्या किंमतीनें, एकदां मर्जीच्या किंमतीनें. तेव्हां कायदा असावा कीं नसावा, यापेक्षां तो कोणाच्या हातीं कसा चालतो, हाच खरा नैतिक प्रश्न होय.

आणि गिऱ्हाइकानेंहि हात झटकूं नयेत. वर्तमानपत्र येण्यापूर्वीं पळसाचें पान होतेंच. तें कागदाच्या सोयीपुढें मागें पडलें. दोन रुपये वाचविण्यासाठीं जो स्वस्त कढईकडे वळतो, तो त्या काळ्या तेलाचा निम्मा धनी असतो. कायदा विकणाऱ्याला बांधूं शकतो. घेणाऱ्याच्या लोभाला मात्र त्याचा स्वतःचा विवेकच बांधील.