मृतांचा मान

मृतास मानाची गरज नसते, ही गोष्ट उघड आहे. तरीहि माणसें थडग्यांवर फुलें वाहतात. अमेरिकेंत मे महिन्यांतील स्मृतिदिनीं स्वयंसेवक अनोळखी सैनिकांच्या थडग्यांवर लहान लहान निशाणें रोवतात. ज्यांनीं मृताचें मुखहि पाहिलें नाहीं, त्यांनीं केलेला असला मान हा केवळ देखावाच नव्हे काय?

हा प्रश्न सोलापुरास परका नाहीं. मे १९३० मध्यें या शहरांत लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हां राष्ट्रीय निशाण हातीं धरणें हाच गुन्हा ठरला. पुढें १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे हे चौघे येरवड्याच्या तुरुंगांत फांसावर गेले. ज्या गांवीं निशाणाची किंमत तुरुंगवासानें मोजावी लागली, तेथेंच आज तें चार पैशांस मिळतें. जें देतांना आपलें कांहींच जात नाहीं, त्यास मान म्हणावें काय?

याचें उत्तर आम्हांस याच शहराच्या दुसऱ्या एका पुत्राच्या समाधीपाशीं सांपडतें. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं राष्ट्रसभेच्या वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले व ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या ३२ व्या वर्षीं, तेथेंच वारले. त्यांची समाधि शिजियाझुआंग येथें आहे. छिंगमिंगच्या सणास चिनी लोक आपापल्या पूर्वजांचीं थडगीं झाडून स्वच्छ करतात. त्या दिवसांत या परक्या डॉक्टरच्या समाधीवरहि फुलें पडतात. वाहणारांचें त्यांच्याशीं रक्ताचें नातें नाहीं. पुत्रानें केलेलें श्राद्ध ही ऋणाची फेड होय. परक्यानें वाहिलेलें फूल मात्र, ‘हा आमचाहि होता,’ अशी कोणीं न मागितलेली कबुली असते.

आमच्या मतें निशाणाचा अर्थ या कबुलीइतकाच आहे, आणि ती खरी कीं खोटी हें त्या दिवशीं कळत नाहीं. १२ जानेवारीस सोलापुरांत चौघांच्या पुतळ्यांस हार पडतात. त्यांच्या घरांतील देव निराळे, अंत्यविधि निराळे. तरी त्यांचीं नांवें एका दमांत घेतांना कोणास कष्ट पडत नाहींत. कष्ट पडतात ते दुसऱ्या दिवशीं, जेव्हां त्याच चौघांपैकीं एकाच्या नांवाचा कोणी हयात मनुष्य आमच्या दारीं भाड्यानें खोली मागावयास येतो.

म्हणून हे विधि पोकळ ठरवून सोडून द्यावे, असें आम्ही म्हणत नाहीं. हार वा निशाण ही मृतांच्या नांवें लिहिलेली हुंडी आहे. ती लिहिण्यास खर्च लागत नाहीं. वटवावयाची मात्र जिवंतांच्या दारीं असते. त्या मनुष्यास आम्ही काय उत्तर दिलें, यावरच आदल्या दिवशींच्या हाराची किंमत ठरेल.