बटरफ्रीला कुठे बसवायचं?

पोकेमॉनच्या खेळात ‘रिटर्न’ नावाची एक मूव्ह होती. तुमचा पोकेमॉन तुमच्यावर जितका खूश, तितका तिचा मार जोरदार. खूश असण्याचा आकडा ० ते २५५. पूर्ण २५५ झाला की रिटर्नची ताकद १०२. तिच्याच जोडीला ‘फ्रस्ट्रेशन’ नावाची दुसरी मूव्ह होती, ती उलटी चालायची. पोकेमॉनला तुमचा जितका राग, तितका जोर. खुशी शून्यावर आली की फ्रस्ट्रेशनचीही ताकद १०२.

१९९९च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये या दोन्ही मूव्ह आल्या आणि २०१९च्या सोर्ड-शील्डमध्ये दिसेनाशा झाल्या. मधली वीस वर्षं सिरियसली खेळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत होतं की भरपूर प्रेम आणि भरपूर तिरस्कार यांचा भाव एकच आहे. उलट काही जण मुद्दाम तिरस्कारच निवडायचे. कारण डिट्टो. डिट्टो समोरच्याचं रूप घेतो, त्याच्या मूव्हही घेतो, पण खुशीचा आकडा मात्र त्याचा स्वतःचाच राहतो. लाडावलेल्या डिट्टोच्या हातात तुमची फ्रस्ट्रेशन गेली तर ती पार फुसकी निघते.

आता पोकेमॉनला आपला राग येईल अशी व्यवस्था कशी करायची? त्याला कडू औषधं चारायची. लढाईत पुन्हा पुन्हा बेशुद्ध पडू द्यायचं. मी हे केलंय. दुबईच्या मामेभावाने वापरून दिलेला थ्रीडीएस हातात, दुपारची वेळ, आणि मी एकामागून एक कडू पुड्या चारत होते. धाकटा भाऊ खांद्यावरून बघत होता. तेव्हा तो नऊ वर्षांचा.

“ताई, तो आजारी आहे का?”

“नाही.”

“मग औषध कशाला देतेस?”

मी त्याला डिट्टोचं गणित समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि उठून गेला.

मला वाटतं, हा लेख त्या उठून जाण्याबद्दल आहे.

आमच्या घरात पोकेमॉन आला तो टीव्हीवरच्या हिंदी डबिंगमधून. ॲश आपल्या बटरफ्रीला त्याच्या थव्याबरोबर सोडून देतो तो एपिसोड भावाने इतक्या वेळा पाहिला होता की रडण्याची जागा त्याला पाठ होती. त्यामुळे मोबाईलवर एम्युलेटर टाकून आम्ही खेळायला लागलो तेव्हा (ते कायदेशीर नसतं, हे फार पुढे कळलं) त्याच्या टीममध्ये पहिली जागा बटरफ्रीची. खेळाच्या गोष्टीत हे चालून जातं. तिथे कुठलेही सहा घ्या, थोडा वेळ घालवून त्यांची लेव्हल वाढवा, जिंकता. आवडणं आणि जिंकणं यांच्यात भांडणच नसतं.

भांडण सुरू होतं समोर माणूस आला की. शोडाउन नावाचा एक फुकटचा सिम्युलेटर आहे, फोनच्या ब्राउझरमध्ये चालतो. तिथे आम्ही दोघांनी मिळून एक अकाउंट काढलं आणि सलग हरलो. दोन आठवडे हरल्यावर मी वाचायला लागले. बटरफ्री कीटक आणि उडणारा, म्हणजे दगडाचा मार त्याला चौपट लागतो. २००६च्या डायमंड-पर्लपासून ‘स्टेल्थ रॉक’ नावाची मूव्ह आहे. समोरच्याने ती एकदा वापरली की तुमच्या बाजूला टोकदार दगड तरंगत राहतात आणि मैदानात येणाऱ्या प्रत्येकाला टोचतात. बटरफ्री नुसता आत आला तरी त्याचं अर्धं आयुष्य संपतं. मी त्याला काढलं. भावाला न विचारता.

पण मला लगेच स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत. कारण टीम बांधणं ही गोष्ट, ज्यांनी केली नाही त्यांना वाटते तितकी कोरडी नाही. सहा सगळ्यात ताकदवान घेतले की झालं, असं ते नसतं. पोकेमॉनचे अठरा प्रकार, प्रत्येकाला कुणाची तरी भीती, त्यामुळे भोक नसलेला पोकेमॉन सहसा सापडत नाही. टीम म्हणजे सहा भोकं अशी रचायची की एकाच्या भोकावर दुसऱ्याचं अंग येईल. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी हे करत असे: हा पाण्याचा, याला विजेचं भय, मग शेजारी जमिनीवाला, त्याला बर्फाचं भय, मग पोलादी… कुठे तरी एक जागा अडते, आणि ती भरायला असा कुणी तरी सापडतो ज्याच्याकडे आपण कधी ढुंकूनही पाहिलेलं नसतं. तो सापडण्याचा आनंद खरा असतो. गणित सुटल्याचा असतो, आणि कुणाची तरी ओळख पटल्याचाही.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे २०१४ची वॉशिंग्टनमधली वर्ल्ड चॅम्पियनशिप. दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने ती जिंकली, आणि त्याच्या टीममध्ये पाचिरिसू होती. पाचिरिसू म्हणजे पांढरी-निळी खार. सगळ्या क्षमतांची बेरीज ४०५. वर्ल्ड्सला जे पोकेमॉन येतात त्यांच्यात सहाशेवालेही असतात. त्या विजयाची गोष्ट पुढे अशी सांगितली गेली की प्रेमाने ताकदीला हरवलं. मीही ती भावाला तशीच सांगितली, काहीशी लाच म्हणून. पण नीट पाहिलं तर त्या टीममध्ये ग्याराडोस होता, पाणी आणि उड्डाण, विजेचा मार चौपट. पाचिरिसू वीज शोषून घेते, त्याने तिची तब्येत सुधारते. आणि ‘फॉलो मी’ वापरून ती समोरच्याचे वार स्वतःकडे ओढते. हे तिघं एकत्र आणा, मग कळतं की ती खार तिथे लाडाने बसलेली नव्हती. ते काम तिच्यासारखं दुसरं कुणी करू शकत नव्हतं. ग्याराडोस काढून घ्या, पाचिरिसू पुन्हा एक गोंडस खार. आम्ही शोडाउनवर तिला नुसती उचलून आपल्या टीममध्ये टाकली होती. पहिल्याच वारात गेली.

तेव्हा टीम बांधणाऱ्याची नजर एक मोठी गोष्ट शिकवते: एकटं कुणी चांगलं किंवा वाईट नसतं, कुणाशेजारी उभे आहात त्यावर ठरतं. आपल्या शाळा-कॉलेजांनी मला हे कधी शिकवलं नाही.

मग भाऊ उठून का गेला?

थ्रीडीएसवर टीम आयती मिळत नाही, उबवावी लागते. प्रत्येक पोकेमॉनला जन्मतः सहा गुण, प्रत्येक ० ते ३१. सहाही ३१ निव्वळ नशिबाने यायची शक्यता १,०७,३७,४१,८२४ मध्ये एक. म्हणून आईबापांपैकी एकाच्या हातात ‘डेस्टिनी नॉट’ नावाचा धागा द्यायचा, की पाच गुण त्यांच्याकडूनच उतरतात, आणि अंड्यांमागून अंडी काढायची. एक्स-वाय या २०१३च्या खेळात ल्युमिओस नावाचं गोलाकार शहर आहे. तिथे बटण एका बाजूला दाबून धरलं की सायकल आपोआप गोल फिरत राहते आणि अंडी उबतात. मी जेवताना डाव्या अंगठ्याने अंडी उबवत असे. अंडं फुटतं, आत एक पिल्लू, मी त्याचे आकडे बघते, एक गुण कमी, पुढचं. हव्या असलेल्या एका पोकेमॉनमागे माझी ऐंशी-नव्वद पिल्लं व्हायची. ती बॉक्समध्ये जायची, एका बॉक्सला तीस. बॉक्स भरले की सोडून द्यायची. सोडताना निरोपाची एक ओळ येते. ती वाचायला लागू नये म्हणून मी बटण पटापट दाबायला शिकले होते.

‘ही नुसती चित्रं आहेत’ हे मला मान्य आहे. कुणालाही काही झालेलं नाही. याच खेळाच्या २०१०च्या ब्लॅक-व्हाइटमध्ये एन नावाचा मुलगा येऊन विचारतो की पोकेमॉनना बाळगण्याचा आपल्याला हक्क काय. प्रश्न धाडसी आहे, उत्तर फार सोपं दिलंय: मुक्तीची भाषा करणाऱ्यांचा म्होरक्या लबाड निघतो, आणि आपण मित्रच आहोत म्हणून सुटतो. अंडी उबवणाऱ्यांबद्दल तो खेळ चकार शब्द काढत नाही. पण समजा कुणालाच काही झालं नाही, तरी बघणारी मी होते ना. मला काय झालं?

अठराव्या शतकात कांटने नीतिशास्त्राच्या व्याख्यानांत एक कुत्रा आणला आहे. म्हातारा झाला, काम होईना, म्हणून मालकाने त्याला गोळी घातली. कांटच्या मते मालकाने कुत्र्याबाबतचं कुठलंही कर्तव्य मोडलेलं नाही, कुत्र्याला तो हक्कच नाही. पण मालकाने स्वतःतलं काही तरी बिघडवलं, आणि ते माणसांशी वागताना त्याला लागणार होतं. कुत्र्याच्या बाबतीत मला हे अपुरं वाटतं. कुत्र्याला दुखतं, तेवढं कारण पुरे. भाकड गाय बाजाराला नेताना आमचे आजोबा दोन दिवस बोलत नसत, ते काही स्वतःचं चारित्र्य सांभाळायला नव्हे. पण ज्याला दुखतच नाही अशा पिल्लाच्या बाबतीत कांटचा हा युक्तिवाद अचूक लागू पडतो. ऐंशी पिल्लं काही नसतात. ऐंशी वेळा तसं बघणं हे काही तरी असतं.

मी सध्या पुण्यात एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. दर महिन्याला टेस्ट, टेस्टनंतर बॅचेस बदलतात, आणि माझ्या विषयाची यादी मी करते. मागच्या पावसाळ्यात स्टाफरूममध्ये एका मुलाचं नाव निघालं, तीन टेस्ट घसरलेला. मी चहा ढवळत म्हणाले, “त्याला बॉक्समध्ये टाकू या.” सहकारी हसले, त्यांना काही तरी इंग्रजी म्हण वाटली असावी. मला मात्र तो बॉक्स दिसला, तीस खणांचा.

बॅचेस करूच नयेत असं मी म्हणत नाही. मागे पडलेल्या मुलाला पुढच्यांच्या वेगाने पळवणं हीही क्रूरताच. पण मी करते ती यादी पोकेमॉनच्या टीमपेक्षाही ढोबळ आहे. टीममध्ये निदान ४०५ वाल्या खारीला जागा शोधता येते. माझ्या एक्सेलमध्ये एकच रकाना आहे, त्यात ती ‘डी’ला गेली असती आणि ग्याराडोस कशाने मेला हे कुणाला कळलंच नसतं.

आणि तरी, खारीची जागासुद्धा कामापुरतीच. पुढच्या सीझनला नियम बदलतात, ग्याराडोस उरत नाही, खार बॉक्समध्ये परत. ‘तुझा उपयोग आहे’ हे ‘तुझा उपयोग नाही’पेक्षा कितीही ऐकायला बरं असलं तरी दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून येतात.

शोडाउनवर निदान अंडी नाहीत. तिथे सहाही आकडे ३१ आधीच भरलेले असतात. कुणी टाकलं जात नाही, फक्त निवडलं जात नाही. खऱ्या स्पर्धांत मात्र पोकेमॉनचा इतिहास अजून मोजला जातो. २०२३ला योकोहामाच्या वर्ल्ड्समध्ये काही खेळाडूंना बाद केलं, कारण त्यांचे पोकेमॉन खेळात मिळवलेले नव्हते, बाहेरच्या सॉफ्टवेअरने बनवलेले होते. आकडे हुबेहूब तेच असले तरी. नियम म्हणून ते ठीकच आहे, पण त्यावरून किती वाद झाला! वेळ वाचवला तर काय बिघडलं, असं अर्धं जग म्हणत होतं, आणि माझं मन त्यांच्या बाजूने होतं. तास वाचले असते, पिल्लंही. फक्त मग तो पोकेमॉन आणि मी, आमच्यात घडलेलं असं काहीच उरलं नसतं.

भाऊ आता एकोणीसचा आहे, नाशिकला इंजिनिअरिंग करतो. गेल्या महिन्यात त्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. शोडाउनच्या टीमचा स्क्रीनशॉट, पहिल्या खणात बटरफ्री, बाकी पाच रिकामे.

“ताई, हा फिक्स. बाकीचे तू सांग.”

मी लिहिलं, अरे पण दगड. त्याने लिहिलं, “माहितीय. म्हणूनच तुला विचारतोय.”

दहा वर्षांत मी शेकडो टीम बांधल्या असतील, पण अशी सुरुवात कधी केली नव्हती. कुणाला काढायचं हा प्रश्नच शिल्लक नव्हता. याला काय काय लागेल, एवढाच होता. दगड हटवणारा एक हवा. तो हटवायच्या आत मरू नये म्हणून त्याचा राखणदार. मग बटरफ्रीकडे पुन्हा पाहिलं तर त्याची ‘कंपाउंड आइज’. त्यामुळे एरवी ७५ टक्के लागणारी झोपेची पूड त्याच्या हातून ९७.५ टक्के लागते. समोरचा झोपला की त्याला ताकद वाढवून घ्यायला एक-दोन चाली मिळतात. हे मी दहा वर्षांपूर्वीही वाचलं असणार. तेव्हा दगडापाशीच थांबले होते.

रात्री दीडपर्यंत आम्ही खेळलो. बारा मॅचेस, आठ हरलो. एकात बटरफ्रीने शेवटचे तीन एकट्याने पाडले, तेव्हा भावाने फोनवर इतका आरडाओरडा केला की त्याचा रूममेट उठला.

सकाळी टेस्टचा निकाल होता. मी लॅपटॉप उघडून यादी घेतली. तो मागच्या पावसाळ्यातला मुलगा या वेळी कट-ऑफच्या चार मार्क खाली होता. मी यादी अपलोड न करता त्याचे जुने पेपर मागवून घेतले आणि कुठे कुठे चुकतो ते पाहत बसले. यादी अकरापर्यंत द्यायची होती. सव्वा अकराला ऑफिसातून फोन आला.