गिनीपिगचा आवाज आणि मैत्रीचा जवळचा शत्रू

दुसऱ्या जिवाच्या मनात काय चालले आहे हे कोणत्या प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या कोणत्या साधनाने, जाणता येते, या प्रश्नाची चर्चा भारतीय दर्शनांनी बहुतांशी माणसाला समोर ठेवून केली असली, तरी त्याची खरी कसोटी लागते ती घरात नव्याने आणलेल्या एखाद्या प्राण्यापाशी. गिनीपिग या कसोटीला विशेष उपयोगी पडतो (प्रयोगशाळांनी त्याच्या नावाला जो अर्थ चिकटवला आहे तो येथे अभिप्रेत नाही). कारण तो अतिशय बोलका आहे, आणि त्याचे बोलणे आपल्याला समजले असा समज पाळणाऱ्याचा फार लवकर होतो.

सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने ‘संतानान्तरसिद्धि’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, स्वतःच्या कृतीच्या आणि वाणीच्या आधी इच्छा असते हा प्रत्येकाचा अनुभव असल्यामुळे, तशीच कृती आणि वाणी अन्यत्र दिसली की तेथेही चित्तप्रवाह, म्हणजे क्षणाक्षणाने वाहणारे मन, असल्याचे अनुमान करता येते. गिनीपिगच्या ठिकाणी मन आहे एवढे सिद्ध करण्यास हा युक्तिवाद पुरतो. त्या मनात सुख आहे की भय, हे ठरवण्यास मात्र तो अपुरा पडतो, कारण ज्या साधर्म्यावर तो उभा आहे ते येथे फारसे उरत नाही. माणूस दुखले तर ओरडतो, तर शिकाऱ्यांपासून लपत जगणाऱ्या प्राण्याच्या वंशात जन्मलेला गिनीपिग आजारी असला की शक्य तितका वेळ ते दिसू देत नाही.

येथे न्यायशास्त्राची परिभाषा अधिक कामाला येते. ज्या खुणेवरून अनुमान करावयाचे ती खूण, म्हणजे हेतू, जे सिद्ध करावयाचे ते साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळत असेल, तर नैयायिक अशा हेतूला ‘सव्यभिचार’ म्हणतात आणि त्यावरचे अनुमान टाकाऊ ठरवतात. गिनीपिगची घुरघुर हे याचे चोख उदाहरण आहे. अंग सैल सोडून, खालच्या पट्टीत, संथपणे चाललेली घुरघुर समाधानाची असते. तीच चढ्या सुरात, मध्येच तुटणारी आणि शरीर ताठ झालेले असताना ऐकू आली, तर ती अस्वस्थतेची असते. आणि नर जेव्हा कंबर डोलवत मादीभोवती फिरतो तेव्हाच्या खोल घुरघुरीचा संबंध प्रणयाशी किंवा वर्चस्वाशी असतो. दात कटकट वाजवणे हा इशारा आहे, थंडीची कुडकुड नव्हे. तेव्हा आवाज एकटा कधीच पुरेसा हेतू होत नाही, त्याला देहाच्या स्थितीची आणि प्रसंगाची जोड द्यावी लागते. कधीमधी ऐकू येणाऱ्या पक्ष्यासारख्या चिवचिवाटाचा अर्थ तर अभ्यासकांनाही नीटसा उलगडलेला नाही.

सर्वांत मोठी फसगत होते ती तीव्र शिट्टीसारख्या हाकेमुळे. फ्रिजचे दार उघडल्याचा किंवा कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज कानी पडताच गिनीपिग पिंजऱ्याच्या कडेला येऊन, मान वर करून ‘वीऽक वीऽक’ असे ओरडू लागतो, आणि घरातील माणसे ते स्वतःवरचे प्रेम समजतात. ती हाक माणसाला उद्देशून असते हे खरे आहे, आणि तिच्यामागे खाण्याची अपेक्षा असते हेही तितकेच खरे आहे. परंतु आईपासून दुरावलेले पिलूही अशाच शिट्ट्या मारते. पिलाला अनोळखी जागी एकटे ठेवून केलेल्या निरीक्षणांत असे दिसते की, सुरुवातीला ते सतत हाका मारते, आणि काही वेळाने अंग आकसून, केस पिंजारून, डोळे मिटून गप्प बसते. ‘आता रुळला, आता ओरडत नाही’ हे नव्या प्राण्याबद्दल नेहमी काढले जाणारे उद्गार या निरीक्षणाच्या प्रकाशात फारच घाईचे वाटतात.

एकटेपणाची ही बाजू अनुमानापुरती राहिलेली नाही. अनोळखी जागेत नेलेल्या नर गिनीपिगच्या रक्तातील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक, जिच्याशी त्याचे नाते जुळलेले आहे अशी मादी सोबत असताना लक्षणीय कमी वाढते, असे जर्मनीतील नॉर्बर्ट झाखझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळले; अनोळखी मादीची सोबत तसा परिणाम करत नाही. म्हणजे त्याला हवा असतो तो स्वजातीय आणि परिचित सोबती, आणि माणसाने कितीही वेळ मांडीवर घेतले, किंवा शेजारी ससा आणून ठेवला, तरी ती जागा भरत नाही.

पाचव्या शतकात बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांची, म्हणजे चित्ताच्या चार उदात्त अवस्थांची चर्चा करताना प्रत्येकीचा एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू सांगितला आहे. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष. तो उघड असल्यामुळे ओळखू येतो. जवळचा शत्रू राग, म्हणजे आसक्ती, आणि तिचे रूप मैत्रीसारखेच असल्यामुळे ती सहज आत शिरते. एकच गिनीपिग पाळावा म्हणजे तो आपल्याला अधिक बिलगेल, हा पाळणाऱ्यांमध्ये बराच प्रचलित असलेला विचार या जवळच्या शत्रूचा नमुना मानावा लागेल, कारण त्यात एका जिवाचे एकटेपण हे दुसऱ्याच्या सुखाचे साधन होते, आणि तेही कोणाच्या मनात दुष्टावा नसताना.

महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’त शिकाऱ्यांपुढून पळणारा ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो आणि स्वामी त्याला अभय देऊन पुढे मोकळा सोडतात. अभयदानाची ही कल्पना, जीव सोडवणे आणि मोकळा करणे, गिनीपिगला लागू करता येत नाही. अँडीज पर्वतातील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी, मुख्यतः मांसासाठी, तो माणसाळवला, आणि आज त्याला उघड्यावर सोडणे म्हणजे कुत्र्यामांजरांच्या तोंडी देणे होय. मोकळे करता येत नसलेल्या जिवाला अभय द्यावयाचे असेल तर ते पिंजऱ्याच्या आतच द्यावे लागते, आणि सोबती हा त्याचा एक आवश्यक भाग ठरतो.

स्वित्झर्लंडने हे कायद्यातच आणले असून, 2008 पासून लागू असलेल्या तेथील प्राणिसंरक्षण नियमांनुसार गिनीपिग किमान जोडीने ठेवावे लागतात. त्यातून एक अडचण मात्र उभी राहिली: जोडीतील एक मेला की दुसऱ्यासाठी नवा आणावा लागतो, मग जुना मेला की नव्यासाठी आणखी एक, आणि ज्याला पाळणे थांबवायचे आहे त्याची सुटका होत नाही. यावर तेथे उरलेल्या प्राण्यासाठी काही काळापुरता सोबती भाड्याने देण्याची सोय निघाली. सोय व्यवहार्य आहे. परंतु ज्याला भाड्याने पाठवले जाते, त्यालाही कोणत्या तरी परिचित सोबत्यापासून तोडूनच आणलेले असू शकते, आणि नव्या घरात तो गप्प बसला तर त्या गप्पपणाचे अनुमान कसे करावे, हे पुन्हा ठरवावे लागते.