अडत्याचा धर्म

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले, की माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात आणि घरोघर तोच जुना वाद सुरू होतो: हे ठेवायचे, की देऊन टाकायचे? आमच्या कोरेगावच्या घरी यंदा तो आईच्या लुगड्यांवरून झाला. आईला जाऊन वर्ष होत आले. वहिनी म्हणाली, "भाऊजी, आणखी किती दिवस कसर लागू द्यायची?" तिचे खरे होते. शिवाय या बाबतीत मी कोणत्या तोंडाने हरकत घेणार? गेलेल्या माणसांचे कपडे घ्यायचे आणि विकायचे, यातच तर माझी अकरा वर्षे गेली!

वाचकांना हा धंदा चमत्कारिक वाटेल, म्हणून खुलासा करतो. ज्याचा रोग आता बरा होणार नाही, अशा माणसाच्या वेदना शमवाव्यात, त्याला शेवटपर्यंत माणसासारखे जगू द्यावे, यासाठी ज्या संस्था असतात त्यांना हॉस्पिस म्हणतात. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले आणि या कामाला आजचे रूप आले. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला 1986 साली शांती आवेदना सदन निघाले; ते भारतातले पहिले. इंग्लंडात अशा संस्था रोग्याकडून पैसा घेत नाहीत. सरकार खर्चाचा साधारण एक तृतीयांश वाटा उचलते. बाकीचा बहुतेक लोकांनी उभा करायचा. त्यासाठी गावोगाव दुकाने असतात. लोक कपडे, पुस्तके, कपबश्या आणून देतात, त्या स्वस्तात विकतात आणि पैसा हॉस्पिसला जातो. न खपलेले कपडे वजनावर चिंधीवाल्याला जातात. अशा एका दुकानाचा मी व्यवस्थापक होतो. हाताखाली बहुतेक निवृत्त मंडळी, सारी विनावेतन राबणारी. पगार घेणारा मी एकटा, म्हणून नियमाची सारी जोखीम माझ्यावर.

पहिली अडचण आली ती भाव करण्यात. एक बाई दोन मुलांना घेऊन आली. 3 पौंडांचे बूट 1 पौंडाला मागू लागली. तिच्या कोटाची बाही उसवलेली होती. देऊन टाकावे असे मनात आले. पण द्यायचे ते कोणाच्या खिशातून? देणाऱ्याने ते खाटेवरच्या रोग्यासाठी दिलेले. आणि तो रोगी काही दुकानात उभा नव्हता. जो समोर नाही त्याच्या पैशाने उदार होणे फार सोपे असते. मी नाही म्हटले. मग फारच वाईट वाटले तेव्हा स्वतःचे 2 पौंड गल्ल्यात टाकले आणि बूट दिले. यात मला आजही काही चुकल्यासारखे वाटत नाही.

आपल्या प्रिय वस्तूला कुणी किमतीची चिठ्ठी लावावी, हेच पुष्कळांना खटकते. मला तसे वाटले नाही, कारण मी सातारा जिल्ह्यातला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. सोनाराच्या तराजूत पडले म्हणून त्या सोन्याचे मोल उणे झाले नाही. त्याची भाकरी झाली.

आता माझ्या चुकीकडे येतो. एका थंडीत एक वृद्ध बाई नवऱ्याचे कपडे घेऊन आल्या. तो आमच्याच हॉस्पिसमध्ये गेला होता. त्यांनी फॉर्म भरून दिला. चार दिवसांनी त्या परत आल्या. तपकिरी लोकरी कोट खुंटीवर टांगलेला होता, 8 पौंडांचा. त्यांनी त्याच्या खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "हा मी परत नेला तर?" मी अतिशय मृदू आवाजात त्यांना किंमत सांगितली. त्यांनी नाणी मोजून दिली. त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होतो. नियम सर्वांना सारखा!

पुढे हिशेब पाहताना त्यांचा क्रमांक समोर आला आणि मी चपापलो. तिकडे अशी सोय आहे, की देणारा प्राप्तिकर भरणारा असेल, तर त्याच्या वस्तू विकून आलेल्या दर पौंडामागे सरकार 25 पेन्स संस्थेला देते. त्यासाठी कायद्याने दुकान मालक नसते, ते असते अडत्या. आमच्या कोरेगावच्या बाजारात शेतकरी वाघ्या घेवड्याची पोती अडत्याकडे टाकतो. सौदा होईपर्यंत माल शेतकऱ्याचाच. तसेच हे. विक्री झाल्यावर देणाऱ्याला पत्र जाते, की आपल्या मालाचे इतके आले, हवे तर ठेवून घ्या. म्हणजे कोट तोवर त्या बाईंचाच होता. मी त्यांना त्यांचीच वस्तू विकली होती. आणि 'आपल्या वस्तूचे 8 पौंड आले' असे पत्रही त्यांच्या दारी गेले असणार.

फॉर्मवर पत्ता होता. मी गेलो नाही. लाज वाटली, हेच कारण.

बुटांच्या वेळी बरोबर असलेला नियम कोटाच्या वेळी चुकला कसा, याचा मी पुष्कळ विचार केला. ती पहिली बाई दुसऱ्याचे मागत होती. ही आपले मागत होती. मी दोघींना एकच उत्तर दिले, कारण 'केवढ्याला?' हा एकच प्रश्न मला येत होता. त्याच्या आधीचा प्रश्न 'कोणाचे?' हा आहे, आणि तो कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. शिवाय दुःखात दिलेले दान त्याच दिवशी पुरे होते असेही नाही. हात देतो, मन मागाहून येते. कधी येतच नाही.

यंदा वहिनीने लुगड्यांचे गाठोडे बोहारणीला दिले आणि स्टीलचा डबा घेतला. त्यात आईचे हिरवे लुगडे गेल्याचे मला दुपारी कळले. बोहारीण अजून स्टेशनच्या रस्त्यालाच होती. मी धापा टाकीत पोचलो. काय सांगावे ते सुचेना. तिने माझ्याकडे एकदा पाहिले, डोक्यावरची पाटी उतरवली, गाठोडे सोडले.

"आईचं हाय व्हय? घ्या. डबा तेवढा आणून द्या, म्हंजी फिटलं."

मी डबा आणून दिला. तिने झाकण लावून पाहिले, पाटीत ठेवला आणि जाता जाता बजावले, "पुन्हा कधी द्यायचं झालं, तर मलाच द्या बरं का!"

लुगडे ट्रंकेत आहे. कसर लागेल, हे वहिनीचे म्हणणे अजूनही खरेच आहे.