संकटातील सोबती : मागणाऱ्याचा धर्म आणि देणाऱ्याचा धर्म

देवाच्या दारात आल्यावर आपण हात जोडून मागतो. पीक हाती येऊ दे, मुलीचे लग्न जुळू दे, घरातील दुखणे सरू दे, असे मागताना कोणालाही संकोच वाटत नाही. परंतु हेच मागणे शेजाऱ्याच्या, भावाच्या अथवा मित्राच्या दारात करावयाचे झाले की पाऊल अडते. देवाजवळ मागणे ही भक्ती आणि माणसाजवळ मागणे हा कमीपणा, असे आपण मनाशी धरून बसलो आहोत. ही समजूत कितपत योग्य आहे, याचा विचार भाविकांनी करावा, या हेतूने हे चार शब्द.

कारंजा (घाडगे) हे नागपूर-अमरावती महामार्गावरील तालुक्याचे गाव. आर्वीच्या बाजूने वर्धा नदी ओलांडली की पैलतीरी, अमरावती जिल्ह्यात, श्रीक्षेत्र कौंडण्यपूर लागते. विदर्भराजा भीष्मकाची ही राजधानी व रुक्मिणीमातेचे हे माहेर, अशी परंपरागत श्रद्धा आहे. येथील पालखी दरवर्षी आषाढीस पंढरपुरास जाते. मातेची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. परंतु त्या कथेत मदत मागण्याचा आणि मदत करण्याचा जो आदर्श आहे, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

रुक्मीने बहिणीचा विवाह शिशुपालाशी ठरविला. वडील पुत्राच्या हट्टापुढे नमले. राजवाड्यात दासदासी होत्या, संपत्ती होती, तरी त्या प्रसंगी रुक्मिणी एकाकीच होती. तिने दैवाला दोष देत अश्रू ढाळले नाहीत. एका विश्वासू ब्राह्मणास बोलावून तिने आपला निरोप द्वारकेस धाडला. आपली अडचण काय, हाताशी वेळ किती आणि कोणी काय करावयाचे, हे सर्व तिने स्पष्ट कळविले. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील हा प्रसंग पाहिला म्हणजे ध्यानात येते की, वेळेवर मारलेली हाक ही दुर्बलतेची खूण नव्हे. त्यासाठी मोठे धैर्य लागते. राजकन्येला मागण्यात कमीपणा वाटला नाही, मग आपणास तो का वाटावा?

आता त्या निरोप्याकडे पाहू. मराठी परंपरेत त्यास सुदेव म्हणतात. भागवतकारांनी मात्र त्याचे नावही दिलेले नाही. त्याच्याजवळ सैन्य नव्हते, अधिकार नव्हता. त्याला फक्त चालता येत होते आणि ऐकलेले शब्द जसेच्या तसे पोहोचविता येत होते. तेवढे त्याने केले आणि विवाहाच्या आधी परत येऊन श्रीकृष्ण आल्याची वार्ताही दिली. त्या वेळी त्यास देण्याजोगे काहीच न सुचल्याने रुक्मिणीने त्यास केवळ नमस्कार केला, असे भागवतात वर्णन आहे. राजाच्या कन्येलाही ज्या उपकाराचे मोल करता आले नाही, तो उपकार एका सामान्य माणसाच्या पायपिटीचा होता. मदत करण्यास श्रीमंत असावे लागते, हा समज येथे गळून पडतो.

याच कथेत मदतीची मर्यादाही सांगितलेली आहे. निर्णय रुक्मिणीचा होता. तिच्या वतीने तो कोणी घेतला नाही. अंबिकेच्या दर्शनास ती स्वतः पायी चालत गेली. पुढे कुरुक्षेत्रावरही भगवंतांनी अर्जुनाचे सारथ्य पत्करले, शस्त्र मात्र हाती घेतले नाही. युद्ध अर्जुनाचे होते आणि ते त्यालाच करावयाचे होते. खरा सोबती आपले ओझे उचलू लागतो. आपले आयुष्य तो ताब्यात घेत नाही.

परंतु सर्वांनाच मागता येत नाही. सुदामा द्वारकेस गेला तो पत्नीच्या आग्रहाने. बरोबर नेलेले पोहेदेखील तिने शेजारपाजारहून मागून आणलेले होते. मित्रासमोर बसल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही आणि काही न मागताच तो परतला. भगवंतांनी ते न बोललेले ओळखले. मागणाऱ्याने वेळेवर बोलावे, हा जसा एक धर्म, तसाच न बोलणाऱ्याचे मुख वाचावे, हा मित्राचा धर्म होय. आणि ज्या शेजाऱ्यांनी ते मूठभर पोहे दिले, त्यांचाही या पुण्यात वाटा आहे.

आपल्याच वर्धा जिल्ह्यात याचे एक अलीकडचे उदाहरण घडले आहे. संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांना कुष्ठरोग झाला होता. त्या काळी या रोगाची भीती एवढी होती की, जवळचे नातलगही दूर होत. शास्त्रीजी सेवाग्राम आश्रमात आले. आश्रमात इतर अनेक जण राहत असल्याने त्यांना ठेवून घेण्याचा निर्णय सोपा नव्हता. महात्मा गांधींनी त्यांना जवळच कुटी दिली व स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. ती कुटी आजही सेवाग्रामला पाहावयास मिळते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवेचे कार्य आरंभिले होते. शास्त्रीजींचे अखेरचे दिवस तेथेच गेले. औषध हाती नसतानाही जवळ बसणे शक्य असते, हे या उदाहरणावरून दिसते.

येथे एक शंका निघते. उपकारकर्त्याचे सर्वच ऐकावे काय? भर सभेत कर्णाचा अपमान झाला तेव्हा दुर्योधनाने त्यास अंगदेशाचे राज्य देऊन मान राखला. ती मदत खरीच होती. परंतु त्या ऋणापायी कर्ण अधर्माच्या बाजूस उभा राहिला. म्हणून उपकार स्मरावा, विवेक मात्र गहाण ठेवू नये. देणाऱ्यानेही मदतीच्या मोबदल्यात मिंधेपणा मागू नये. चारचौघांत बोलून दाखविलेले दान घेणाऱ्याच्या मनाला डागण्या देते.

हा विचार केवळ पोथीपुरता नाही. हा परिसर कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्र्याचा आहे. पाऊस, बाजारभाव आणि कर्ज या तिन्हींचा घोर येथील शेतकऱ्याच्या मागे असतो. २००६ साली केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत वर्धा जिल्हा होता. कर्जाचे कारण मोठे आहे आणि ते केवळ सोबतीने फिटत नाही, हे मान्य करावयास हवे. परंतु कर्जाबरोबर जो एकटेपणा येतो, तो माणसाला आतून पोखरतो. सावकाराचे देणे घरधन्याला ठाऊक असते आणि पत्नीस ते ठाऊक नसते, असे अनेक घरांत घडते. लोक काय म्हणतील, या विचाराने तोंड मिटलेले राहते. त्या मिटल्या तोंडाजवळ कोणी तरी बसणे आवश्यक असते.

पूर्वी एकाची बैलजोडी व दुसऱ्याचा वखर, अशी सावड करून पेरणी पार पडत असे. आज यंत्रे आली, तरी सावडीची गरज संपलेली नाही. पारावर नेहमी येणारा माणूस चार दिवस दिसला नाही, तर त्याच्या घरी जावे. उपदेश न करता ऐकावे. बँकेत, तहसील कार्यालयात अथवा दवाखान्यात जाताना त्याच्या बरोबर जावे. मन अगदीच खचले असेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, हेही सांगावे. एवढे करण्यास धन लागत नाही.

भाविकहो, आपण दूरवरून दर्शनास आलात. देवाजवळ आपले सुखदुःख बोललात. घरी परतल्यावर त्यातील एक गोष्ट आपल्या एका विश्वासू माणसाजवळही बोलावी. आणि आपल्या ओळखीत जो अलीकडे अबोल झाला आहे, त्याच्या दारी एकदा जाऊन यावे. दानपेटीत अर्पण केलेल्या दानाइतकीच ही सेवाही देवास प्रिय होईल, यात शंका नाही. हाक मारण्याचे धैर्य आणि हाक ऐकण्याचे मन सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.