विद्येचीं साधनें कोणाचीं?

विद्या दिल्यानें वाढते, हें वचन आपल्याकडे इतकें रूढ झालें आहे कीं, त्याची सत्यता कोणी तपासून पाहात नाहीं. एकाचें ज्ञान दुसऱ्यास मिळालें तरी पहिल्याचें उणें होत नाहीं, या अर्थानें तें खरेंही आहे. परंतु आजच्या काळांत विद्या बुद्धीइतकीच साधनांवर अवलंबून आहे, आणि साधनांचा धर्म नेमका उलट आहे. तीं दिल्यानें झिजतात. शिवाय एकाच्या हातीं असतांना दुसऱ्यास थांबावें लागतें. न संपणारी विद्या आणि संपणारें साधन यांच्यामधील या विरोधांतून जो नैतिक प्रश्न उत्पन्न होतो, त्याचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

विचार मोघम राहूं नये म्हणून एक उदाहरण घेऊं. कोल्हापुरापासून सुमारें ५० किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या कुशींत राधानगरी आहे. २०१२ सालीं जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या पश्चिम घाटांतील स्थळांत तेथील अभयारण्याचा समावेश आहे. तालुक्याच्या पठारांवर जांभा दगड आणि बॉक्साइटाचे साठे आहेत. समजा, त्या भागांतील एखाद्या अध्यापकास तेथल्या तांबड्या मातींत कोणकोणतीं खनिजें आहेत, हें जाणण्याची जिज्ञासा झाली. डोळ्यांना माती दिसते. तिच्यांतील स्फटिकांची रचना ओळखण्यास क्ष-किरणांचें यंत्र लागतें आणि कणांचें रूप पाहण्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. अशीं यंत्रें प्रत्येक महाविद्यालयानें विकत घ्यावीं म्हटलें तर तें अशक्य, आणि शक्य असलें तरी शहाणपणाचें नव्हे. म्हणूनच १९६२ सालीं स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत अशा उपकरणांचें सामायिक केंद्र आहे, आणि बाहेरच्या संस्थांतील संशोधकांचे नमुनेही तेथें शुल्क घेऊन तपासले जातात.

आतां प्रश्न असा कीं, राधानगरीच्या त्या अध्यापकाचा या यंत्रावर हक्क आहे, कीं त्याच्यावर उपकार होत आहेत? व्यवहारांत या दोहोंतला भेद लहान दिसतो. पण उपकार मागणारा दाराशीं वांकून उभा राहतो, हक्कदार ताठ उभा राहतो. यंत्र जर लोकांच्या पैशानें आलें असेल, तर ज्या विभागाच्या खोलींत तें ठेवलें आहे तो विभाग त्याचा मालक नसून विश्वस्त आहे. पण आपल्याकडे ज्याच्या हातीं ससा तो पारधी, हा न्याय प्रबळ. यंत्र वापरूं दिलें म्हणून निबंधावर आपलें नांव घालावें, अशी अपेक्षा कोठें कोठें बाळगली जाते असें ऐकूं येतें. ज्यानें विचार केला नाहीं, त्यानें विचाराचें श्रेय घ्यावें, ही सभ्य रीतीनें केलेली चोरीच होय.

राधानगरींतच या बाबतींत मनन करण्याजोगी एक वस्तु आहे. भोगावती नदीवरील तेथील धरणाचें काम छत्रपति शाहू महाराजांनीं आरंभिलें, आणि त्यांच्या पश्चात् स्वातंत्र्योत्तर काळांत तें पुरें झालें. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत; पाणी ठराविक पातळीस पोंचलें कीं ते आपोआप उघडतात. खालीं कोणाचें शेत आहे, शिफारस कोणाची आहे, हें तो दरवाजा विचारीत नाहीं. प्रयोगशाळेचें दार मात्र माणसास उघडावें लागतें, आणि जेथें माणसाची मर्जी आली तेथें नीतीची गरज आली. धरणाच्या पायथ्याशीं घर असलें म्हणून पाणी जसें आपलें होत नाहीं, तसें यंत्राच्या शेजारीं आपली खुर्ची असली म्हणून यंत्र आपलें होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, सर्वांना सारखी पाळी देणें हाही अन्यायच नव्हे काय? एकाचें संशोधन थोर, दुसऱ्याचें सामान्य. थोराला अगोदर वाट द्यावी. हा आक्षेप वजनदार आहे, परंतु थोरपणा अगोदर ओळखतां येतो असें तो गृहीत धरतो. १८७६ सालीं डॉ. महेंद्रलाल सरकार यांनीं कलकत्त्यास विज्ञानाच्या संवर्धनासाठीं एक संस्था काढली. १९०७ सालीं सरकारी हिशेबखात्यांतील एक तरुण अधिकारी तेथें आला, आणि कचेरीची वेळ सोडून सकाळ-संध्याकाळ तेथील साधनांवर प्रयोग करूं लागला. हेच चंद्रशेखर वेंकट रामन. १९२८ सालीं त्याच संस्थेंत त्यांनीं लावलेल्या शोधास १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दार उघडलें गेलें तेव्हां ते विज्ञानाच्या कोणत्याही पदावर नव्हते. म्हणून पाळीचा नियम नमुन्यावरून ठरावा, माणसावरून ठरूं नये. नमुना नाशवंत आहे काय, हा प्रश्न न्याय्य; नमुना कोणाचा आहे, हा प्रश्न अन्याय्य.

दुसरा आक्षेप याहून बिकट आहे. जें सर्वांचें तें कोणाचेंच नसतें. सामायिक यंत्र म्हणजे बारभाईची खेती. यांतील सत्य नाकारण्यांत अर्थ नाहीं. साध्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांत नमुना कोरडा असावा लागतो; एकानें निष्काळजीपणें ओला नमुना आंत ठेवला तर आंतील निर्वात स्थिति बिघडते, आणि मागून येणाऱ्या दहाजणांना त्याचें फळ भोगावें लागतें. तेव्हां हक्काबरोबर कर्तव्य येतें. आपल्या अगोदरच्यानें यंत्र नीट ठेवलें म्हणून आपल्याला तें मिळालें. हें ऋण फेडावयाचें तें मागल्याला देऊनच. या ऋणांत यंत्र चालविणारा आणि त्याची निगा राखणारा जो कुशल माणूस, त्याचाही वांटा आहे. निष्कर्ष छापतांना पुष्कळदां त्याचें नांव आभारांच्या ओळींतही नसतें. त्याचें पद रिकामें ठेवून नवीं यंत्रें घेणें म्हणजे पुजारी नसतां देवळें बांधणें होय.

या भीतीनें कित्येक जण यंत्र कुलूपांतच सुरक्षित राहील असें मानतात. पण रेणूंची घडण उलगडणाऱ्या चुंबकीय अनुस्पंदनाच्या यंत्राचेंच पाहा. त्यांतील अतिवाहक चुंबक द्रवरूप हेलियममध्यें, उणें २६९ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडींत ठेवावा लागतो. कोणी काम करो वा न करो, तें हेलियम वेळोवेळीं भरावेंच लागतें. झिजेच्या भयानें बंद ठेवलेलें यंत्रही खर्च मागतें. फरक एवढाच कीं, त्या खर्चाच्या मोबदल्यांत कोणास कांहीं कळत नाहीं.

तात्पर्य, साधन देण्यांत झीज आहे हें खरें, परंतु न देण्यांतही ती आहेच; आणि देण्याच्या झिजेंतून निदान ज्ञान तरी जन्मास येतें. एखाद्या विद्यापीठाची योग्यता त्याच्या यंत्रांच्या यादीवरून न ठरवितां, पन्नास किलोमीटरांवरून मातीची पुडी घेऊन आलेल्या अपरिचित माणसास तेथें कसें वागविलें जातें, यावरून ठरविली पाहिजे. त्याच्या पुडींत कदाचित् कांहींच निघणार नाहीं. पण तें उघडून पाहिल्यावांचून सांगण्याचा अधिकार कोणासच नाहीं.